माझ्या आवाजातला 'मी'

प्रिय वहिनी,

बैठकीहून तळावर परतले. कपाळाला टाके पडलेत, बाकी धडधाकट आहे. कैदी सुटल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. दादा त्यांच्यात आहे का, एवढंच तुला हवंय, आणि तेच सांगायला बसलेय. पण एकदम नाही जमत गं, जरा धीर धर.

आपल्या बाजूने बोलणी करणाऱ्या साहेबांनी आधीच विचारलं होतं, तुझा सख्खा भाऊ शत्रूच्या कैदेत आहे, तुला झेपेल का? मी म्हटलं, त्यांच्या सेनापतीची भाषा इथे माझ्याइतकी कोणाला येते? दुसरा कोणी एखादी धमकी गुळमुळीत करेल, एखादी फुगवेल, आणि माणसं हकनाक मरतील. आम्हा दुभाष्यांची रीत तुला ठाऊक आहे. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं, 'ते म्हणतात' नाही. यावरूनच दादा मला पोपटीण म्हणायचा, आणि मी त्याला कसाई. लंगडत खाटेखाटेशी जाऊन जखमा शिवणाऱ्या डॉक्टरला कसाई!

सेनापती पहिल्यापासून माजलेला. छावणीत एका कैद्याची कशी जिरवली, ते मेला टेबलावर मुठी आपटत रंगवून सांगत होता. आणि मी बोलत होते: मी त्याला बंदुकीच्या दस्त्याने हाणला. दात पडले तरी तो जखमींवरून हटेना. मग मी त्याच्या गळ्यावर बूट ठेवला आणि हाड मोडेपर्यंत उचलला नाही. ते ऐकून आपला एक तरुण अधिकारी शिव्या देत उठला, त्याने काचेचा जग भिरकावला. जग फुटला, तुकडा माझ्या कपाळात घुसला. पहारेकऱ्यांनी त्या पोराला खाली पाडून लाथांनी तुडवला. माझ्या डोळ्यात रक्त उतरत होतं आणि सेनापती बोलतच होता.

साहेब खुर्ची मागे सारून उभे राहिले. बैठक मोडल्यातच जमा होती. तेवढ्यात सेनापती थंडपणे म्हणाला, बाकीचे जिवंत आहेत, काय देता बोला. मी तेवढंच, त्याच्याच थंड सुरात सांगितलं. माझा सूर जरा जरी चढला असता तर साहेबांना ती धमकी वाटली असती आणि ते निघून गेले असते. त्यांना तो सौदा ऐकू आला. ते बसले. बाकीचे सुटले.

वहिनी, त्याने नाव नाही घेतलं. 'तो लंगडा डॉक्टर' म्हणाला. तेही मीच बोलले, आणि पुढचं सगळं बोलत राहिले. दादा गेला गं. मला अजून तळावरून सोडत नाहीत, आणि फोनवर हा आवाज तुला ऐकवायची छाती होत नाही, म्हणून ड्रायव्हरच्या हाती पत्र पाठवतेय. उद्या सकाळी रेडिओवर त्या बैठकीचं ध्वनिमुद्रण लावणार आहेत. मी त्याला कसं मारलं, ते त्यात माझ्या आवाजात आहे. तू ऐकायचं की नाही, ते तुझं तू ठरव. पण पोरीला तेवढा वेळ बाहेर पाठव. ती आत्याचा आवाज लगेच ओळखते.

तुझीच,
धाकटी नणंद