व्हर्लीनने घरातच राहावे म्हणून

मी, आयडेला मे प्रूइट, वय बहात्तर, राहणार ब्लाउंट परगणा, टेनेसी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. फुफ्फुसाबद्दल डॉक्टरांनी जे सांगितले ते मला पहिल्या खेपेतच समजले. बुद्धी शाबूत असल्याचा याहून वेगळा पुरावा कोणी मागू नये. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व मागची जमीन माझी शिष्या डेल्फा रॅम्सी हिला देते, एका अटीवर. व्हर्लीन कूट्स हयात असेपर्यंत याच घरात, ऊन येणाऱ्या खोलीत राहील. अट मोडल्यास घर विकून सर्व रक्कम व्हर्लीनच्या देखभालीला लावावी.

कारण नोंदवते. मला गायला व्हर्लीनने शिकवले. चौसष्ट साली आम्हा दोघींच्या तबकड्या एकाच आठवड्यात निघाल्या. तेव्हा रेडिओवाले एका बाईच्या गाण्यामागे लगेच दुसऱ्या बाईचे गाणे लावत नसत. केंद्रावरचा माणूस म्हणाला, "एकीचंच वाजेल, बायांनो. काय ते ठरवा."

मी तोंड उघडण्याआधी व्हर्लीन म्हणाली, "हिचं लाव. आणि मोठ्यानं लाव, गिरणीतल्या खडखडाटात मला ऐकू आलं पाहिजे."

सोमवारी ती मोज्यांच्या गिरणीत कामाला परत गेली. हे घर त्या गाण्यावर उभे राहिले.

२. बँकेतील ठेव व्हर्लीनची औषधे व दिवसा येणारी बाई यांसाठी राखून ठेवावी.

३. माझी गिटार डेल्फाला. वाजवावी, भिंतीला टांगू नये.

४. भाचा लॉयल मला म्हणाला होता, "आत्या, टाक तिला वृद्धाश्रमात. तिला काय कळतंय आता?" मी म्हटले, "तुला तरी कुठे काय कळतं? तुला टाकलं का कोणी?" त्याला माझी जुनी गाडी देते. घरावर हक्क सांगायला आलाच, तर परत जायला उपयोगी पडेल.

५. डेल्फा, हे तुला. व्हर्लीनला आता बोलणे सुचत नाही, पण कोणी गाण्याची वरची ओळ धरली की ती साथीचा खालचा सूर अचूक लावते. जेवताना तोंड फिरवले तर गाणे सुरू करावे आणि कडव्यांच्या मधे घास द्यावा. मी रोज असेच करते. हल्ली माझा दम ओळ संपेपर्यंत पुरत नाही. मी थांबले की तीही थांबते आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहते.

मी गेल्यावर तिला एकदा खरे सांग. रडली तर रडू दे. गप्प करण्यासाठी गाऊ नकोस. मग समोर बसून माझी ओळ धर. मी श्वास कुठे घेते ते तुला ठाऊक आहे. सुरुवातीला तिथेच घे. नंतर हळूहळू तुझ्या जागी घेऊ लाग. तिला सवय होईल.

सही : आयडेला मे प्रूइट

आम्हा दोघांच्या देखत तिने सही केली. आम्हाला यातून काही मिळायचे नाही.
साक्षीदार : हर्शेल टिप्टन, शेजारी
साक्षीदार : ओना लेदरवुड, निवृत्त शिक्षिका

स्थळ : मेरीव्हिल, टेनेसी
दिनांक : ९ ऑक्टोबर २००९