नाव झाकलेल्या मावशींना

मावशी, मनापासून नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. स्तनांच्या तपासणीचं खास शिक्षण घेणाऱ्या आम्हा डॉक्टरांना तुमची मॅमोग्राफीची फिल्म नाव झाकून दाखवतात. काखेजवळचा इवलासा ठिपका मला दिसलाच नाही. "त्यांच्या डॉक्टरांनाही दिसला नव्हता," आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

तेव्हापासून प्रत्येक फिल्मवर मी आधी तुमचा कोपरा बघते. परवा तिथंच एका बाईंचा ठिपका सापडला. कॅन्सरच, पण इतका लहान की त्या पूर्ण बऱ्या होतील. मी याच क्रमानं सांगितलं, तशा त्या माझ्यावरच डाफरल्या, "मग आधी शेवट सांगायचा ना! जीव टांगणीला लावलात." मी मनात तुमचे पाय धरले.

तुमची पुढच्या वर्षीची फिल्म आमच्याकडे नाही. का, ते मॅडमना विचारायला जीभ रेटत नाही.

तुमच्यामुळे शहाणी झालेली,
भाची