दादाच्या सायकलचा रस्ता

रविवार, संध्याकाळ. टोकावडे

ठाकुर्लीहून पहाटे सायकलवर जुन्नरला जायला निघालेले. सरळगावच्या पुढे गुडघा बोलायला लागला. ह्यांचा फोन, "सायकल टेम्पोत टाक आणि परत ये." नाही म्हटलं खरं, पण जमेल का मला?

इथे शाळेतली सुशी भेटली. तिची आता चहाची टपरी आहे. बघतच राहिली. "अगं, तू सायकलवर? दादाच्या सायकलला हात लावलास म्हणून बापाने मारलेलं ना तुला, याच रस्त्यावर?"

मारलेलं. पन्नाशी उलटली तरी आठवलं की गाल तापतो.

रात्री तिच्याकडेच राहतेय. गुडघा सुजलाय, तिनेच तेल चोळून दिलं. ह्यांना सांगितलं नाही.

उद्या माळशेज घाट. नाहीच चढवता आली तर हातात धरून चालेन, पण जुन्नरला सायकलसकटच पोचणार.