कुंकवाचं बोट

प्रिय तनू,

फोनवर तू "आई बरी आहे ना?" एवढंच विचारतेस आणि मी "हो" म्हणून मोकळी होते. म्हणून आज कागद घेतला. हॉस्टेलवर माझं अक्षर बघून, ही नर्स नाही, डॉक्टरच व्हायला हवी होती, म्हणायचीस. आज सावकाश लिहिते, नीट वाच.

आमच्या संस्थेत सध्या नुसता गोंधळ आहे. एक तारखेपासून घरी जाऊन रुग्ण तपासायचा फॉर्म बदलतोय. आजवर आम्ही विचारायचो, उठता येतं का, अंघोळ स्वतः करता का, आणि सांगतील ते लिहायचो. आता विचारायचं नाही. डोळ्यांसमोर जे करून दाखवलं तेच मोबाइलवर टिक करायचं. बरीचशी उत्तरं 'जमतं' आली की आमचं त्या रुग्णाकडे जाणं बंद. प्रशिक्षणाला आमच्यातल्याच शिवराजला टेबलावर झोपवून पेशंट केलं होतं. मेला इतका कण्हला की मॅडमनाही हसू आवरेना. मीही हसले. आता त्या हसण्याचीच चीड येते.

सरावासाठी प्रत्येकीने एका रुग्णाचा फॉर्म भरायचा होता. मी करमाडला तुझ्या घरी, मावशीकडे गेले. अर्धांगाचा झटका येऊन आठ महिने झाले, उजवी बाजू अजून धड नाही. आठवड्यातून तीनदा मी तिला अंघोळ घालत होते, व्यायाम करून घेत होते, कारण घरात दुसरे फक्त बन्सीकाका, त्यांची स्वतःचीच कंबर गेलेली. एरवी मी पांढऱ्या कोटात जाते. त्या दिवशी प्रशिक्षणाहून तशीच साडीवर गेले. निघताना मावशीने थांबवलं. "लेकीची मैत्रीण तू, सवाशीण हायस. साडी नेसून आलीस अन् कुंकू न लावता जातीस व्हय?" खाट धरून ती उठली गं! चार पावलं चालत कोनाड्यापर्यंत गेली, करंडा घेतला, आणि डाव्या हाताने उजवा हात वर ढकलत माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मला इतका आनंद झाला की तिथंच उंबऱ्यात फॉर्म भरला. उभी राहते, जमतं. चालते, जमतं. हात वर नेते, जमतं. त्यानंतर दोन दिवस ती खाटेवरून हललीही नाही, हे काकांनी मला फार उशिरा सांगितलं.

सरावाचे फॉर्म धरणार नाहीत, असं सांगितलं होतं. धरले, तेही एक तारखेच्या आधीच. माझं जाणं बंद झालं आणि बाराव्या दिवशी मावशी एकटी न्हाणीत गेली नि पडली. हाड वाचलं, पण तेव्हापासून ती अंथरुणातच आहे आणि कमरेखाली जखम झालीय, माझ्या तळहाताएवढी. पडल्याचं तुला कळलं, पण या जखमेचं कुणी सांगितलेलं नाही. तिनंच शपथ घातली होती. मी रविवारी चोरून जाऊन पट्टी बदलते, आणि जखम दर वेळी थोडी वाढलेली असते.

पडल्याचं कळलं तेव्हा तू संस्थेला शिव्या घातल्यास आणि मला म्हणालीस, तू होतीस म्हणून आई इतके दिवस टिकली. ते कौतुक मी घेतलं. तनू, ती टिक माझ्या बोटाची होती.

चूक झाली म्हणून मी ऑफिसात लिहून दिलं. येत्या सोमवारी फेरतपासणी आहे. आधीचा फॉर्म माझा, म्हणून मला जाता येणार नाही, गीताबाई म्हणून दुसरी नर्स येईल. पुन्हा 'जमतं' आलं तर मावशीचं नाव कायमचं कटेल. मी हात जोडून सांगितलं, मावशी, त्या दिवशी उठू नकोस. तर म्हणते, "घरी आलेल्या बाईम्होरं लोळत पडू? अन् तनूला कळलं तर नोकरी सोडून यील ती." आम्ही एक तारखेची तयारी करतोय, ती सोमवारची करतेय. काका म्हणतात, रोज भिंत धरून उठायला बघते. गीताबाईंसाठी करंडा उशाशी आणून ठेवलाय. माझं ती ऐकणार नाही, तुझंही ऐकेल याची मला खात्री नाही. पण दुसरं कुणी उरलेलं नाही गं. या पानांचे फोटो तुला आत्ताच पाठवतेय. मला काय बोलायचं ते नंतर बोल. आधी तिला फोन कर आणि सांग, आई, सोमवारी कुणीही आलं तरी उठायचं नाही.

तुझीच, तुला तोंड कसं दाखवू ते न कळणारी,
मोनिका