कललेलं तळं

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (नुसता लिहिण्यापुरता नव्हे, खिळा कपाटाखाली गेल्यामुळे मी खरोखरच पालथा पडून लिहितो आहे). गुडघे काय म्हणतात? नव्या खोलीची भिंत ओकीबोकी दिसते, तेव्हा तळ्याचं ते जुनं छापील चित्र परत पाठव, असं तू लिहिलंस. वस्तू तुझी, नाही म्हणायचा मला अधिकार नाही. पण पाठवण्यापूर्वी तिची अवस्था कळवणं माझं कर्तव्य आहे, अशी मी स्वतःची समजूत घालतो आहे.

मूळ चित्रकार पेशानं गवंडी होता, असं चित्राखाली छापलं आहे (त्यानं बांधलेल्या घरांत कोण राहत असेल, याची मला काळजी वाटते). घर उजवीकडे कललेलं आणि दारातली गाय घरापेक्षा मोठी. काच तडकली म्हणून ते फ्रेमवाल्याकडे दिलं. माणूस भला. "साहेब, छपाईत वाकडं आलंय, सरळ करून देतो," म्हणाला, आणि कागद फिरवून त्यानं घर ताठ बसवलं. आता तळं असं कललं आहे की खाली बादली ठेवावीशी वाटते.

तेव्हापासून बाबा येता-जाता फ्रेम तिरकी करून तळं सपाट करतात आणि माझी बायको ती पुन्हा सरळ करते. "बाबा, लोक काय म्हणतील?" "म्हणू देत. मासे सांडताहेत त्याचं काय?" आत्या, आई गेल्यापासून बाबा 'हो', 'नको' आणि 'पेपर कुठाय' एवढंच बोलत होते. आता सकाळपासून सुनेशी भांडतात. गाय गाभण आहे, म्हणूनच मोठी काढली, असं काल त्यांनी तिला ऐकवलं. या ओढाताणीत आज खिळाच उपटून आला. चित्र सुखरूप आहे.

प्रकृतीला जप.
तुझा भाचा

ता. क. वरचं सगळं, तू आपणहून 'राहू दे मेलं' म्हणावंस म्हणून लिहिलं. तुझ्या भिंतीचा विचार मनात आलाच नाही, याची आता लाज वाटते. तरी विचारतो : राहू दे ना?

ता. क. २. पाकीट चिकटवायला बाबांकडे दिलं, तर त्यांनी पत्र वाचलं. पुढचं अक्षर त्यांचं :

ताई, याचं ऐकू नकोस. चित्र घेऊन शनिवारी मीच येतोय, महिनाभर राहीन. बॅग भरताना सूनबाई रडली. म्हणते, आता भांडायचं कुणाशी? म्हटलं, नवरा आहे की. तर म्हणते, ते लगेच चूक कबूल करतात.