लाभ, यरडू

सदलगा, मंगळवार, मार्गशीर्ष वद्य पंचमी

अंग मोडून आलंय. शाळा तपासायला आलेले दिपोटी साहेब दुपारीच गेले, पण पद्मव्वाचं तोंड डोळ्यांपुढून हलत नाही.

पाटीवर मराठीत बेरीज माझ्या वर्गात तिच्याइतकी कुणाला येत नाही. साहेबांना जोंधळे मापून दाखवायला मीच तिला उठवलं. मापाचं चिपटं हातात आलं आणि पोर घरी आईजवळ बसल्यासारखी मोजू लागली. "लाभ, यरडू, मूरू..." पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायचं, हे सगळ्यांचंच. पुढचे दोन, तीन मात्र कानडीत.

"मराठी शाळेत हे काय? हिला परत बिगरीत बसवा, लहान पोरांत."

"साहेब, तिला दोन्ही येतं. घरी कानडी आहे. माझ्या माहेरीही तीच."

"तुम्ही सोडलीत ना? हीही सोडेल," म्हणाले आणि हसले.

शाळा सुटल्यावर तिचे आप्पा आले. "परत बिगरीत? मग ऱ्हाऊ द्या शाळा, बाई. तंबाखूला लई हात लागत्यात." पद्मव्वा त्यांच्या मागं उभी. तोंड गच्च मिटलेलं.

उद्या त्यांच्या घरी जायला हवं. जाऊन सांगू काय पण? आणि कुठल्या भाषेत?

ते चिपटं माझंच, तपासणीसाठी घरून नेलेलं; इथं बिऱ्हाड केलं तेव्हा आईनं दिलेलं. संध्याकाळी त्यानंच दळणाचे जोंधळे मापायला बसले. लाभ म्हटलं, आणि पुढे आपसूक दोन आलं.

आईच्या तोंडून या मापावर मी दोन कधीच ऐकलं नव्हतं.