कोंबडीसारखं लागतं

नाहूर,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. श्यामकांत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. चेतनालाही सांग.

फोन सोडून बहीण कागद घेऊन बसली म्हणून घाबरू नकोस. तुझ्या कानातलं मशीन फोनवर शिट्ट्या मारतं, आणि आमच्या दोन खोल्यांत मी काही बोलले की आधी सुनेला ऐकू जातं. श्रुतिका घरूनच ऑफिस करते. माझ्या मोबाइलवरचे मेसेज म्हणे सौरभच्या कॉम्प्युटरवरही दिसतात. म्हणून पत्र. पेटीत टाकायलाही मीच जाणार आहे.

रविवारी माझी दाढ काढलेली, त्यामुळे मी पेजेवर. श्रुतिका म्हणाली, आई, तुम्ही पडून राहा, रस्सा मी करते. लग्न होऊन आली तेव्हापासून रविवारचा रस्सा तिनं आपणहून कधी हातात घेतला नव्हता. मला तेव्हाच काहीतरी खटकलं. जेवायला बसल्यावर तिनं यांना विचारलं, बाबा, कसं झालंय? हे म्हणाले, छान. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, पण कशासारखं लागतंय? हे म्हणाले, कशासारखं म्हणजे काय, कोंबडी कोंबडीसारखीच लागणार. सौरभ ताटात बघत राहिला. ती मात्र यांच्या तोंडाकडे बघत होती, थर्मामीटरचा पारा बघावा तशी.

नंतर मी यांचं ताट उचललं. श्यामकांत, ती हाडं कोंबडीची नव्हती. आगपेटीतल्या काड्यांएवढी, बारीक. मी विचारलं तर म्हणाली, चिकनच होतं आई, लहान होतं. आणि कधी नव्हे ती कचऱ्याची पिशवी स्वतः खाली घेऊन गेली.

तुझे भावोजी कसे ते तुला ठाऊक आहे. दुसऱ्या मजल्यावर शिजतंय ते गावठी की ब्रॉयलर, हे जिन्यातून सांगणारा माणूस. त्यांनी मुकाट खाल्लं. हल्ली लोक काय काय मागवून खातात, माझ्या मनात नको ते प्राणी येतात. तिनं माझ्या नवऱ्याला काय घातलं खायला?

कुणाला बोलू नकोस. तुम्हा दोघांची आठवण रोज येते, तशी माझीही येऊ दे.

तुझी,
ताई

---

बोरिवली,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चेतनानं मोठ्यानं वाचलं, मी मशीन काढून ऐकलं, तरी सगळं समजलं. एवढा तुझा आवाज त्यात होता.

ताई, आपला नाऱ्यामामा आठवतो का? रानातून पाठीवर पोतं टाकून यायचा, मामी रस्सा करायची आणि काय आहे ते सांगायची नाही. आपण सगळी पोरं म्हणायचो, कोंबडीसारखं लागतंय. ससा होता की आणखी काही, देव जाणे. आपण आयुष्यात दुसरं खाल्लंच काय होतं? ज्याला नाव ठाऊक नाही त्याला जीभ ओळखीचं नाव देते. माझ्या मते दुसरंही एक कारण आहे. कोंबडीच्या मांसाला स्वतःचा असा वास कमी, चरबी कमी. मसाला बाजूला काढला तर उरतं काय? म्हणून ज्या मांसाला उग्र वास नाही ते सगळं तिच्याच खात्यात जातं. बोकडाच्या मटणाला कुणी कोंबडी म्हणत नाही बघ. त्याच्या चरबीचा वास पुढे येऊन उभा राहतो. सर्दी झाली की जेवण पुठ्ठ्यासारखं लागतं ना, तसंच हे. चवीतलं निम्म्याहून जास्त काम नाकच करतं.

तेव्हा भावोजींनी त्याला कोंबडी म्हटलं यात काही पाप नाही. पोरीनं काहीतरी नवं आणलं असेल आणि तुझ्या धाकानं बोलली नसेल. सरळ विचार. मन शंका खायला लागलं की दुसरं काही पचत नाही.

दाढेला लवंग ठेवतेस ना? रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
श्यामकांत

---

नाहूर,
७ मार्च २०२५

चि. श्यामकांत यास,
अनेक आशीर्वाद.

तू म्हणालास म्हणून सरळ विचारलं. बटेर होते म्हणे, ते मुठीएवढे पक्षी, मरोळच्या एका दुकानातून आणलेले. मग चिकन का म्हणालीस, तर म्हणाली, तुम्ही ओरडाल म्हणून. बरं. इथवर तुझं खरं.

पण पुढचं ऐक. गेल्या रविवारी तिनं पुन्हा रस्सा केला. आता दाढेची जखम भरलीय, मी पहिला घास घेतला. बोकडाचं मटण, चरबीदार, घरभर वास सुटलेला. हे जेवता जेवता म्हणाले, कोंबडी झकास झालीय. मला वाटलं गंमत करतायत. मी हसले. माझ्याशिवाय कुणीच हसलं नाही. श्रुतिकेनं मान खाली घातली आणि सौरभ पाणी आणायला उठला. तांब्या भरलेला होता.

आणखी आहे. हा माणूस पेपर आणायलाही खाली उतरत नाही, तो दोनदा सुनेबरोबर फिरायला म्हणून गेला. परत आले रिक्षातून. कुठे गेला होतात म्हटलं, तर हे म्हणाले चेंबूरला, ती म्हणाली मुलुंडला. मी स्वयंपाकघरात गेले की दोघांचं बोलणं थांबतं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायची चर्चा चालू आहे, सह्या घेतायत. जागेवर माझंही नाव आहे. मला वाटतं मला वगळून यांचं काहीतरी ठरलंय. हे पहिल्यापासून भोळे. गोड बोलून खायला घालून कुणीही यांच्याकडून काहीही करून घेईल. मटणाला कोंबडी म्हणायला लावलं, उद्या कशाला काय म्हणायला लावतील?

सुनेबद्दल असं लिहिणं मला शोभत नाही. पण लिहू कुणाला? तुझ्यावाचून माहेर म्हणून दुसरं कोण आहे.

तुझी,
ताई

---

बोरिवली,
११ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या वेळी चेतनानं पत्र मोठ्यानं वाचलं नाही. वाचून माझ्या हातात दिलं.

जागेचं, सह्यांचं बाजूला ठेव. तुझ्या सहीवाचून कुणी काही करू शकत नाही. माझं मन मटणापाशी अडलंय. बटेराला कोंबडी म्हटलं ते मी समजू शकतो. मटणाला भावोजी कोंबडी म्हणणार नाहीत. कुणी शिकवूनही म्हणणार नाहीत.

एक काम कर. त्यांना डोळे मिटायला सांग आणि हिंगाची डबी नाकाखाली धर. काय आहे विचार. सुनेवर नजर ठेवतेस ती दोन दिवस नवऱ्यावर ठेव. हसण्यावारी नेऊ नकोस, आणि भांडूही नकोस.

काय होतं ते लगेच कळव, नाहीतर मी येऊन थडकतो. जपून राहा, तुझ्यावर आमचा जीव आहे.

तुझा,
श्यामकांत

---

नाहूर,
१८ मार्च २०२५

चि. श्यामकांत यास,
आशीर्वाद.

हिंगाची डबी उघडायची वेळच आली नाही.

तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन वर येत होते. पहिल्या मजल्यावरच गॅसचा वास आला. मला वाटलं दुसऱ्या कुणाचा. आमच्या दारापाशी आले तर डोळ्यांत पाणी येईल इतका वास. श्रुतिका आतल्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये. हे स्वयंपाकघरात. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, बटण तसंच चालू, आणि हे शेजारीच खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. मला बघून म्हणाले, बरी आलीस, चहा टाकतो. आणि लायटर उचलला.

मी पिशवी टाकली आणि यांचं मनगट धरलं. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, पण मनगट सोडलं नाही. हात थरथरत होता. मला वाटलं, माझ्या ओरडण्यानं घाबरले. नंतर आम्ही हॉलमध्ये येऊन बसलो, भीती गेली, थरथर गेली नाही. तेव्हा म्हणाले, "सुलू, मला वास येत नाही. वर्ष झालं."

श्रुतिका दारात उभी होती. ती रडायलाच लागली. मग एकेक बाहेर आलं. डिसेंबरात यांनी आंबलेली आमटी वाटीभर खाल्ली, ते तिनं पाहिलं होतं. विचारलं तर यांनी उडवून लावलं. म्हणून तिनं बटेर आणले. जे कधी खाल्लं नाही त्याला काय म्हणतात ते बघायला. मग मटण. त्यानंतर यांना कबूल करावं लागलं, पण मला सांगायचं नाही अशी शपथ घातली. तिच्या हट्टावरून नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे गेले, ते मुलुंडला. त्यांनी यांचा हात बघून मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवलं, ते चेंबूरला. दोघंही खरंच बोलत होती, फक्त अर्धं अर्धं.

कंपवाताची सुरुवात आहे, श्यामकांत. कधी कधी म्हणे हात थरथरायच्या कितीतरी आधी वास जातो. गोळ्या चालू झाल्यात. चालणं ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ वर्षं नीट जातात.

श्रुतिकेला मी जवळ घेतलं. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते तिला सांगितलं नाही. यांच्याशी मात्र नीट बोलवत नाही. चाळीस वर्षं माझ्या हातचं खाल्लं आणि सांगितलं सुनेला. का, म्हटलं तर पेपर उघडतात. आता मी चमचा धरलेल्या हाताकडे बघते, बटणं लावताना बघते, बूट घालताना बघते. यांनी आणखी काय लपवलं असेल, हे मनातून जात नाही.

येऊन जा. आलास तर बरं वाटेल, नाही जमलं तर आठवण ठेव.

तुझी,
ताई

---

नाहूर,
७ एप्रिल २०२५

चि. श्यामकांत यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र भावोजींचं आहे. अक्षर ओळीगणिक बारीक होत जाईल, तो माझा आजार आहे, शाईची काटकसर नव्हे. चष्मा लावून वाच.

तू येऊन गेलास, खूप बरं वाटलं. जाताना दारात तू विचारलंस की ताईला का नाही सांगितलं. सुलक्षणा चपला शोधत होती, मला बोलता आलं नाही. लिहून सांगतो.

आधी मला वाटलं सर्दी आहे. मग कळलं की नाही. ताटात काहीही आलं तरी मीठ, तिखट आणि आंबट, बाकी सगळं गरम कापूस. ती ताट वाढून समोर बसते आणि विचारते, कसं झालंय? चाळीस वर्षांचा नियम आहे. काहीतरी सांगावं लागतं. छान म्हटलं की ती पुढे विचारते, म्हणजे कसं, मसाला पोचला का, खोबरं जास्त भाजलं गेलं का. काय सांगणार? मला एक शब्द सापडला. कोंबडी म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. म्हणून मी कोंबडी म्हणत राहिलो. तिच्या हातचं मला लागत नाही, हे तिला सांगायचं मला धाडस झालं नाही. श्रुतिकेला सांगणं सोपं गेलं, कारण तिच्या हातचं मला आधीही फारसं लागत नव्हतं. हे तिला सांगू नकोस.

पाडव्यापर्यंत सुलक्षणा माझ्याशी कामापुरतं बोलत होती. काल रविवारी तिनं मला पाटावर बसवलं आणि डोळे मिटा म्हणाली. भातावर तिखल्याचा नुसता रस्सा घातला. तुकडा नाही, काटा नाही. मी घास घेतला. मीठ, तिखट, आंबट. आणि मग जीभ हळूहळू बधिर व्हायला लागली, कडांना मुंग्या आल्या, ओठांपर्यंत चढल्या. तिरफळ. त्याला नाक लागत नाही, ते थेट जिभेला चावतं. आमच्याकडे तिरफळ फक्त एकाच माशात घालतात.

ती समोर बसून वाट बघत होती. कसं झालंय हे तिनं विचारलं नाही.

मी म्हणालो, बांगडो.

मग डोळे उघडले, तर तिनं पदर तोंडाला लावलेला. श्रुतिकेनं कुतूहलानं माझ्या पानातलं एक तिरफळ चावून बघितलं आणि पाणी प्यायला धावली. आम्ही सगळे हसलो. मीही.

पुढच्या रविवारी दोघं जेवायला या. येताना बोरिवलीच्या बाजारातून बांगडे आण. नीट वास घेऊन निवड, ते काम आता तुझं. लोभ होताच, आता थोडी मदतही असू दे.

तुझा,
चंद्रप्रकाश